पहिला बार कारागिराचा

कुंकू पुसलं आणि खालून आकडा निघाला. आठ, एक, दोन, सहा.

मी चिंधी पुन्हा रॉकेलमध्ये बुडवली, बोल्ट पुन्हा पुसला, उजेडात धरला. आकडा तोच. माझ्या मांडीवर होती ती हेरवाडकर वकिलांची रायफल, आणि तिच्या अंगावर कोरलेलं होतं तीन, पाच, नऊ, शून्य. आठ-एक-दोन-सहा ही सुभेदार सावंतांची रायफल. ती सकाळी दहालाच जीपमधून वडजाईला गेली होती, आणि तिच्याबरोबर माझे आबाही.

 मला आधी उलटी आली. मी मोरीकडं धावले आणि सकाळी खाल्लेलं सगळं तिथं पडलं.

पंचेचाळीस वर्षं झाली या गोष्टीला. साताऱ्यात आमचं बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. आबा म्हणजे माझे वडील, नरहर पांचाळ, लोक त्यांना मिस्त्री म्हणत. मी हौसा, त्यांची एकुलती एक. आई लवकर गेली. घरात तिसरी आत्ती, आबांची विधवा बहीण. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझं लग्न जमत नव्हतं, कारण माझ्या हातांना बंदुकीच्या तेलाचा वास यायचा. असं आत्ती म्हणायची. आबा म्हणायचे, वास जाईल, पण हात असा दुसरा कुणाला मिळणार नाही.

काम काय करायचो ते सांगते. पलटणीतून बाद झालेल्या जुन्या रायफली लिलावात निघायच्या. निवृत्त सुभेदार, जमादार त्या हौसेनं घ्यायचे. जन्मभर खांद्यावर वागवलेली वस्तू, म्हातारपणी घरच्या भिंतीवर असावी ही त्यांची इच्छा. पण लष्करी मापाची नळी साध्या माणसाच्या परवान्यावर चालत नसे. मग आबा ती जुनी नळी काढून दुसऱ्या मापाची बसवायचे. त्या मापाची काडतुसं बाजारात क्वचित मिळायची, म्हणून वाजलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करून त्या पुन्हा भरायच्या. हे भरण्याचं काम माझं. एक पुंगळी पाच वेळा भरायची, सहाव्यांदा नाही. पितळ थकतं, आबा म्हणायचे.

रायफलीचा बोल्ट म्हणजे तिच्या दाराची कडी. काडतूस आत गेलं की मागून बोल्ट दार लावतो. नवी नळी बसवली की आबा त्या रायफलीचा तोच बोल्ट धरून दाराची फट मोजायचे, केसाइतकी घासायचे, पुन्हा मोजायचे. चार-चार दिवस. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट त्यात बसतो, लागतोही, हाताला काही वेगळं कळत नाही. पण फट वाढलेली असते. मग बार होताना थकलेली पुंगळी बुडातून फाटते आणि सगळी आग मागं येते, नेम धरणाऱ्याच्या गालावर, डोळ्यात. आमच्या दुकानात खिळ्याला तशी एक पुंगळी टांगलेली होती, डाळिंबासारखी उकललेली. येणाऱ्या प्रत्येकाला आबा ती दाखवायचे. तिच्या मालकाला आम्ही ओळखत होतो. तो एका डोळ्यानं आंधळा होता.

म्हणून दुकानात एक नियम होता. वाचून घाल. बोल्ट घालण्याआधी बोल्टवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, रायफलीवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, मग घालायचा. दुकानात दुसरं कुणी नसलं तरी मोठ्यानं. दहा वर्षं मी शाळेतल्या पोरीसारखी आकडे वाचत आले होते आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं शस्त्रं पूजेला मांडायची तर बोल्ट काढून मांडायचे, म्हणजे हत्यार त्या दिवशी निजलेलं. भिंतीला दोन रायफली उभ्या, समोर पाटावर त्याच क्रमानं दोन बोल्ट. डावा सुभेदारांचा, उजवा वकिलांचा. आत्तीनं हळदकुंकवाचा गंध इतका थापला की लोखंड दिसेना. आणि दसऱ्याच्या सकाळी सुभेदारांची जीप दारात उभी राहून भोंगा वाजवायला लागली, तेव्हा मी डावा बोल्ट उचलला, डाव्या रायफलीत घातला, उजवा उजवीत. वाचलं नाही. गंध कोण पुसत बसणार? पाटावर क्रम होताच की.

"आत्ती," मोरीतून तोंड पुसत बाहेर येऊन मी विचारलं, "काल पाटावरचे बोल्ट हलवलेस का गं?"

"व्हय की," आत्ती पुरणाचं पातेलं घासत म्हणाली. "समईचं तेल उडत हुतं डावीकडं. म्हणून त्यो उचलून पल्याड ठिवला. का गं? तोंड का असं झालंय तुझं?"

"आबा आज बार काढणार आहेत."

"मग? दर साली काढत्यात."

दर साली काढायचे, खरं होतं. आमच्या आजोबांपासूनचा रिवाज. ज्या रायफलीला नवी नळी बसली, तिचा पहिला बार मालकानं काढायचा नाही. कारागिरानं स्वतःच्या गालाला लावून, मालकाच्या डोळ्यांदेखत काढायचा. दुकानामागं खटक्याला दोरी बांधून आबा लांबून तिची परीक्षा आधीच घेत, ती घेऊनही झाली होती. चांगली वाजली होती, तिच्या स्वतःच्या बोल्टवर. म्हणून आबांना शंका यायचं कारण नव्हतं. यंदा सुभेदारांनी ठरवलं होतं की तो पहिला बार वडजाईच्या सीमोल्लंघनात, देवीच्या पालखीसमोर व्हावा. निम्मं गाव पलटणीतलं. सगळ्यांसमोर आबांचा मान.

आणि जीपमध्ये बसताना आबा सुभेदारांना अभिमानानं काय म्हणाले होते, तेही मला आठवलं. "बोल्ट पोरीनं बसवलाय, सुभेदार. आता समदं तीच बघती. मी नुसता नावाला."

बरोबर दिलेली तीन काडतुसंही मीच भरलेली. पाचव्यांदा भरलेली.

घड्याळात चार वाजायला आले होते. सूर्य सहाच्या सुमाराला बुडायचा, तेव्हा बार. वडजाईला फोन नव्हता. दुपारची एसटी गेलेली, पुढची सातला. मी आठ-एक-दोन-सहा फडक्यात गुंडाळला, पिशवीत टाकला, आबांची सायकल काढली.

"दसऱ्याच्या दिवशी बाईमाणूस सायकलवर? अगं लोक काय म्हणतील!" आत्ती दारापर्यंत आली.

"आबांचा डोळा जाईल, आत्ती. मरतीलसुद्धा."

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. तो आवाज ऐकूनच मी सायकलवर टांग टाकली.

चौदा किलोमीटर. पहिले पाच मी आत्तीला शिव्या देत काटले. कशाला हात लावलास, तेल उडालं असतं तर उडालं असतं, बोल्टला तेलाचं काय वावडं. रस्त्याला दारादारात तोरणं होती, लोक नवे कपडे घालून गाड्यांना, औतांना ओवाळत होते आणि माझ्याकडं बघत होते. साडी पायडलीत अडकत होती. मी ती गुडघ्यापर्यंत खोचली. लाज वाटायला लागते तेवढी जागाच मनात शिल्लक नव्हती.

सहाव्या किलोमीटरला साखळी उतरली. साखळी बसेना. तिथं रस्त्यात उकिडवं बसून मला पहिल्यांदा कळलं की मी आत्तीला शिव्या का देतेय. आत्तीला आकडे वाचता येत नव्हते. मला येत होते.

मग मी रडायला लागले. रडत रडतच साखळी बसवली.

त्यानंतर मला फक्त आवाजाची भीती होती. वाऱ्याची दिशा माझ्याकडं होती, वडजाईत बार झाला असता तर खिंडीच्या अलीकडूनही ऐकू आला असता. मी कान टवकारून पायडल मारत होते. चांगला बार कसा वाजतो ते मला ठाऊक होतं, कोरडा, एकाच घावाचा. फाटलेला कसा वाजतो ते मी कधी ऐकलं नव्हतं. खिंडीच्या चढावर उतरून सायकल ढकलत होते आणि पलीकडून धाडकन आवाज आला.

 हँडल सुटलं, सायकल आडवी झाली. संपलं, मला वाटलं. मी कानांवर हात ठेवून रस्त्यातच बसले. आई गेली तेव्हा मी लहान होते, मला ते नीट कळलं नव्हतं. हे मात्र सगळं कळत होतं.

तेवढ्यात वळणावरून एक जुना ट्रॅक्टर आला. धूर ओकत होता, पुन्हा एकदा धाडकन वाजला. ट्रॅक्टरवाला मला बघून थांबला.

"काय झालं, बाई? पडलीस का?"

"बार झाला का वडजाईत?"

"कशाचा बार? पालखी आत्ता कुठं निघाली देवळातनं."

 सायकल उचलली, चढ ओलांडला आणि उतारावर ब्रेक न लावता सुटले.

वडजाईची सीमा म्हणजे ओढ्यापलीकडचं माळरान. तिथं एक आपटा होता, त्याखाली पालखी टेकवली होती, दोन-तीनशे माणूस भोवती. ढोल, हलगी वाजत होती. मी ओढ्यात सायकल टाकून दिली आणि पाण्यातून पळत सुटले. "थांबा! आबा!" मी ओरडत होते, पण हलगीपुढं माझा आवाज मलाच ऐकू येईना.

आणि मग हलगी थांबली.

त्या शांततेइतकी मी आयुष्यात कशाला भ्याले नाही. हलगी थांबते ती बारासाठीच. मी पळता पळता डोळे मिटले, ठेचकाळले, उठले. बार झाला नाही. मी माणसं ढकलत आत घुसले.

आबा आपट्याखालच्या एका दगडावर बसले होते. डोक्याला सुभेदारांनी बांधलेला फेटा, अंगात धुतलेला सदरा. रायफल पालखीसमोर घोंगडीवर आडवी पडली होती. सुभेदार धोंडिराम सावंत त्यांच्यापुढं उभे होते, छातीवर सगळी पदकं लावून, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मिस्त्री, पालखी ताटकळलीय. उठा."

"न्हाई जमायचं, सुभेदार," आबा खाली बघत म्हणाले. "हाताला कंप सुटलाय."

"कंप? सकाळपासनं तर बरं हुता."

"भीती वाटतीया मला."

गर्दीत कुणीतरी हसलं. "बंदुका करणारा बाराला भ्यायला का?" मागून कुणी म्हातारा म्हणाला, "आमच्या पलटणीत असता तर..." आणि पुन्हा हशा. सुभेदारांनी मान फिरवली, पण त्यांनाही शरम वाटत होती, आबांची. ज्या माणसाला ते जीपमधून मिरवत आणतात, तो भर गावात म्हणतो मला भीती वाटते.

माझे आबा. कधी कुणाला घाबरलेले मी पाहिले नव्हते.

मग माझी नजर त्यांच्या उजव्या हाताकडं गेली. मूठ घट्ट मिटलेली होती आणि मुठीच्या दोन्ही बाजूंनी लोखंड दिसत होतं. बोल्ट. त्यांनी तो रायफलीतून काढून घेतला होता. नेमाला बसायच्या आधी अंगठा आकड्यावरून फिरवायची त्यांची सवय. बोटानंच वाचायचे ते. गंधाखालूनही त्यांनी वाचलं होतं, तीन, पाच, नऊ, शून्य.

त्यांना कळलं होतं. आणि सकाळी जीपमध्ये आपण काय बोललो तेही त्यांना आठवत असणार. बोल्ट चुकलाय म्हटलं असतं तर प्रत्येकाला समजलं असतं, कुणाच्या हातून. मग नरहर मिस्त्रीच्या पोरीच्या हातात पुन्हा कुणी रायफल दिली नसती. म्हणून ते भ्याले होते. म्हणजे भ्यालो असं म्हणाले होते, अख्ख्या पलटणीच्या गावात.

तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं आणि मी दिसले. गुडघ्यापर्यंत खोचलेली ओली साडी, विस्कटलेले केस, छातीशी पिशवी. त्यांनी पिशवीकडं पाहिलं. मग अगदी थोडी मान हलवली. नको. बोलू नकोस.

मी गप्प बसू शकले असते. त्यांनी सगळी वाट करून ठेवली होती. लोक चार दिवस हसले असते आणि विसरले असते. दुकान माझं राहिलं असतं, माझं नाव राहिलं असतं. मी तोंड उघडलं तर दोन्ही जाणार होती. 

"सुभेदारकाका," मी म्हणाले.  "आबा भ्यालेले नाहीत. बोल्ट चुकीचा आहे. मी घातला. मी वाचला नाही."

पिशवीतलं फडकं उघडून मी तो पुढं धरला. सुभेदारांनी आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग आबांच्या मुठीकडं. ते सैनिक होते, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. गर्दीतला हशा कुठच्या कुठं गेला.

"काडतूस कितव्यांदा भरलेलं?" त्यांनी हळू विचारलं.

"पाचव्यांदा."

सुभेदार पालखीजवळ जाऊन उभे राहिले. तिच्या दांडीवर एक हात टेकवला. पाठमोरेच होते. "पोरी," ते म्हणाले, "मिस्त्रींच्या मागनं दुसरा बार माझ्या सुनेचा भाऊ काढणार हुता. रजेवर आलाय. नवं लगीन झालंय त्याचं." एवढंच म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आबा दगडावरून उठले. मुठीतला बोल्ट त्यांनी खिशात टाकला आणि रायफल उचलून माझ्यापुढं धरली.

"वाच," ते म्हणाले.

"आबा..."

"वाच म्हणतोय न्हवं?"

मी बोल्ट उजेडात धरला. सूर्य बुडायला टेकला होता. "आठ," मी म्हणाले, "एक. दोन. सहा." मग रायफलीवरचा आकडा. "आठ. एक. दोन. सहा." तीनशे माणसं ऐकत होती. मी बोल्ट घातला. आबांनी त्यावर अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

"घ्या, मिस्त्री," सुभेदार वळून म्हणाले.  "काढा बार. देवी थांबलीय."

"पहिला बार कारागिराचा," आबा म्हणाले. "नळी मी बसवली, पण दार आज हिनं लावलंय." आणि त्यांनी रायफल माझ्या हातात ठेवली.

बाईच्या हातचा बार पालखीसमोर? कुणीतरी कुजबुजलं. सुभेदारांनी एकदाच त्या दिशेला पाहिलं, तेवढं पुरलं.

मी याआधी रायफल चालवली नव्हती असं नाही, पण त्या दिवशी मला ती उचलवेना. समोरच्या टेकडीच्या उतारावर मातीचा बांध होता, तिथं मारायचं. मी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि मला ती खिळ्याला टांगलेली, डाळिंबासारखी उकललेली पुंगळी दिसायला लागली. आकडा बरोबर वाचला ना? मी पुन्हा चुकले तर? माझं बोट खटक्यावर गेलंच नाही.

तेव्हा आबा माझ्या मागं आले. वाकले आणि त्यांनी आपला गाल माझ्या गालाला लावला. दाढीचे खुंट टोचले. त्यांचा फेटा माझ्या केसांना घासला. आता जे काही मागं येईल ते दोघांच्याही तोंडावर येणार होतं.

"श्वास मोज आणि बार काढ," ते म्हणाले.

बार झाला. कोरडा, एकाच घावाचा. टेकडीवर माती उडाली. हलगी एकदम सुरू झाली, लोक "उदो उदो" ओरडले, कुणी माझ्या हातात आपट्याची पानं कोंबली. मी रायफल सुभेदारांकडं दिली आणि आबांचा सदरा धरून उभी राहिले. 

जेवायला आम्ही थांबलो नाही. सुभेदार जीप देत होते, आबा नको म्हणाले. ओढ्यातून सायकल काढली आणि दोघं चालत खिंडीकडं निघालो. आबा सायकल ढकलत होते. 

"आबा, तुम्ही खरंच भ्यालात का हो?"

"व्हय."

"आकडा हाताला लागला तेव्हा?"

"तेव्हा न्हाई. तेव्हा नुसता बोल्ट काढला." ते थोडं चालले. "तू गर्दीतनं पुढं आलीस, पिशवी धरून, तवा भ्यालो."

"पण तुम्हीच तर मान हलवलीत. बोलू नको म्हणून."

"हलवली. बाप हाय मी तुझा." त्यांनी सायकल थांबवली, माझ्याकडं पाहिलं नाही. साखळीवरून हात फिरवत राहिले. "आणि हलवली तशी मला भीती वाटली, हौसा. म्हटलं, पोरगी ऐकती का काय माझं."